सापाच्या पिल्लाचा घास केवढा असावा?

पेन्सिलीएवढं कॉर्न स्नेकचं पिल्लू आणि त्याच्यापुढे उंदराचं गुलाबी पिल्लू. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं की नवख्या माणसाला वाटतं, हे ह्याच्या तोंडात जाणारच नाही. दहा मिनिटांनी ते गेलेलं असतं. मग चूक उलट्या दिशेला सुरू होते: इतकं सहज गेलं, अजून जीभ काढून शोधतोय बिचारा, पुढच्या वेळी मोठं देऊ. डोकं पाहून घास ठरवला तर तो लहान पडतो, हाव पाहून ठरवला तर मोठा. माप घ्यायचं ते पिल्लाच्या मधल्या धडाचं, आणि जोडीला वजनकाट्याचं.

पुढचं सगळं कॉर्न स्नेक, किंगस्नेक, मिल्क स्नेक, बॉल पायथन अशा उंदीर खाणाऱ्या पाळीव जातींबद्दल आहे, आणि तेही पाळलेल्या जोडीच्या अंड्यातून निघालेल्या पिल्लांबद्दल. रानातलं पिल्लू उचलून आणू नये. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, शिवाय पाल, बेडूक, किडे असं त्याचं खाणं वेगळं असतं आणि उंदराला ते बहुधा तोंडही लावत नाही. दूध हे तर कुठल्याच सापाचं अन्न नाही.

तोंड मोठं होतं, जठराचं तसं नाही

गिळताना सापाचा जबडा 'निखळतो' असं सर्रास म्हटलं जातं. निखळत काही नाही. आपल्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीपाशी एकजीव झालेल्या असतात; सापाच्या तिथे ताणल्या जाणाऱ्या बंधाने नुसत्या बांधलेल्या असतात. डावी बाजू दात रोवून भक्ष्य धरते तोवर उजवी पुढे सरकते, मग उजवी धरते आणि डावी सरकते. साप भक्ष्यावरून 'चालत' जातो म्हणा ना. श्वासनलिकेचं टोक नळीसारखं पुढे येतं, त्यामुळे तोंड गच्च भरलेलं असतानाही श्वास चालू राहतो. म्हणजे तोंडापाशी अडचण फारशी नसतेच. खरं काम पुढे जठरात असतं.

साप घास चावून खात नाही. भक्ष्य अख्खं आत जातं आणि आम्लाला ते बाहेरून आत असं विरघळवत न्यावं लागतं. त्याच वेळी भक्ष्याच्या स्वतःच्या आतड्यातले जीवाणू ते आतून कुजवायला लागलेले असतात. पचन आणि कुजणं यांची ही शर्यत आहे. घास मोठा असेल तर आम्लाला गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. साप थंड जागेत असेल तर आम्ल आणि पाचकरस दोन्ही मंदावतात. दोन्ही एकदम झालं तर शर्यत कुजणारी बाजू जिंकते, मग साप ते सगळं ओकून टाकतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. सापाचं जठर सदैव तयारीत नसतं. बर्मी अजगरावर झालेल्या अभ्यासांत उपाशी असताना जठराचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 7 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्यासारखा आढळला. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत तो 2 च्याही खाली आला. लहान आतड्याचं वजन एका दिवसात जवळपास दुप्पट झालं. प्रत्येक जेवणाला भट्टी नव्याने पेटते, म्हणून तिच्यात किती सरपण घालायचं हे महत्त्वाचं.

माप कसं घ्यायचं

पिल्लाचं पोट रिकामं असताना, म्हणजे विष्ठा टाकून झाल्यावर, धडाच्या मधल्या भागातली सगळ्यात जाड जागा शोधायची. कागदाची अरुंद पट्टी तिथे सैलसर गुंडाळायची, टोकं जुळतात तिथे खूण करायची आणि पट्टी मोजपट्टीवर धरायची. आलेल्या घेराला 3.14 ने भागलं की जाडी मिळते. घेर 57 मिलिमीटर असेल तर जाडी 18. पिल्लू वळवळत असेल तर पट्टीचा नाद सोडून मोजपट्टी त्याच्या शेजारी ठेवावी आणि वरून फोटो काढावा. एवढी अचूकता पुरते.

भक्ष्याची जाडी खांद्यापाशी किंवा कमरेपाशी, जिथे जास्त असेल तिथे बघायची. ती सापाच्या जाडीइतकी ते फार तर सव्वापट असावी. म्हणजे 18 मिलिमीटरच्या सापाला 18 ते 22 मिलिमीटरचं भक्ष्य. केस आलेलं पिल्लू फुगीर दिसतं, तेव्हा बोटांनी केस दाबून मग मोजावं.

दीडपटीचा नियमही ऐकायला मिळतो. तो चुकीचा नाही, पण निष्काळजी हातात धोकादायक आहे. कारण सापडतं साध्या भूमितीत: आकार तोच ठेवून जाडी सव्वापट केली तर वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि दीडपट केली तर तिपटीहून अधिक. डोळ्यांना 'जरासं मोठं' दिसणारं भक्ष्य जठराला दोन-तीन जेवणांएवढं असतं. म्हणूनच जाडीच्या जोडीला वजन हवंच.

वजनाचं माप असं: पिल्लाच्या स्वतःच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के. 60 ग्रॅमच्या बॉल पायथनला 6 ते 9 ग्रॅम, 30 ग्रॅमच्या कॉर्न स्नेकला 3 ते साडेचार. काटा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा असून भागत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. पिल्लू 7 ग्रॅमचं असताना एका ग्रॅमची चूक म्हणजे सातव्या हिश्शाची चूक. झाकणाचा हलका डबा काट्यावर ठेवून शून्य करायचा, पिल्लू आत ठेवायचं, आकडा टिपायचा. हा काटा आणि डबा स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नये.

नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका अगदी लहान पिल्लांना लागू होतो. अंड्यातून नुकतंच निघालेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू साधारण 5 ते 8 ग्रॅमचं असतं. एका दिवसाचं उंदराचं पिल्लू एक-दीड ग्रॅमचं. म्हणजे सर्वांत लहान घासही 20 टक्क्यांच्या आसपास जातो. तरी तो चालतो. उंदराचं नवजात पिल्लू मऊ, पाणीदार असतं, केस नसतात, हाडं कोवळी असतात; आम्ल त्यात झटकन शिरतं. मात्र 'पिंकी' म्हणून जे मिळतं त्यात एक दिवसाचंही असतं आणि चार-पाच दिवसांचं, 3 ग्रॅमचंही. 6 ग्रॅमच्या सापाला 3 ग्रॅमची पिंकी म्हणजे स्वतःच्या निम्म्या वजनाचं जेवण. पाकिटावरच्या नावावर विसंबू नये, प्रत्येक नग काट्यावर ठेवावा.

नावं तरी कुठली, ते एकदा सांगून टाकू. पिंकी म्हणजे बिनकेसांचं गुलाबी पिल्लू, साधारण 1 ते 3 ग्रॅम. फझी म्हणजे लव आलेलं पण डोळे मिटलेलं, 3 ते 6 ग्रॅम. हॉपर म्हणजे डोळे उघडून उड्या मारू लागलेलं, 7 ते 12 ग्रॅम. त्यानंतर दूध तुटलेली पिल्लं आणि 20 ग्रॅमच्या पुढे पूर्ण वाढलेला उंदीर. घुशीसारख्या मोठ्या जातीच्या पाळीव उंदराची, म्हणजे रॅटची, पिंकीच 4 ते 8 ग्रॅमची असते. बॉल पायथनचं पिल्लू जन्मतः 50 ते 80 ग्रॅमचं असल्यामुळे ते थेट हॉपर किंवा रॅटच्या पिंकीपासून सुरू करतं. त्याला उंदराची पिंकी देणं म्हणजे जेवायला बसलेल्याला शेंगदाणा देणं.

पायरी चढताना मधला टप्पा असतो, एक पिंकी कमी पडते आणि फझी जड होते. तेव्हा दोन पिंकी द्याव्यात, पहिली गिळून झाली की लगेच दुसरी. तेवढ्याच वजनाच्या एका मोठ्या घासापेक्षा दोन लहान घासांना मिळून पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे ते लवकर पचतात. पण पिंकींवरच महिनोन्‌महिने थांबू नये. केस-हाडं आलेल्या भक्ष्यात कॅल्शियम अधिक असतं आणि वाढत्या सांगाड्याला ते लागतं. याच कारणाने कोंबडीच्या मांसाचे तुकडे हे सापाचं जेवण नाही: त्यात हाड नाही, यकृत नाही, नुसतं मांस आहे.

जेवणानंतर सापच सांगतो

गणित बरोबर आलं की नाही हे तासाभरात अंगावर दिसतं. पोटाच्या जागी हलका फुगवटा दिसावा, वरून पाहिल्यावर कळेल इतपत. फुगवट्यावरचे खवले एकमेकांपासून दूर जाऊन मधली कातडी पट्ट्यापट्ट्यांनी दिसत असेल तर घास मोठा झाला. लगेच काही करायचं नसतं. साप उबेत, शांत राहू द्यायचा आणि पुढचा घास लहान निवडायचा. फुगवटा अजिबात दिसत नसेल, आणि दोन-तीन जेवणं असंच होत असेल, तर पुढच्या मापाकडे जायची वेळ झाली. बरोबर मापाचा फुगवटा दोन दिवसांत जवळजवळ विरतो. चौथ्या दिवशीही तो तसाच असेल तर आधी तापमान तपासावं.

जेवणानंतर साप पुन्हा जीभ बाहेर काढत, काचेला नाक लावत फिरतो, ती भूकच असते असं नाही. रानात पुढचं भक्ष्य कधी मिळेल याची शाश्वती नसलेल्या प्राण्याची ती सवय आहे. बहुतेक कॉर्न स्नेक पुढे कराल ते गिळतात. त्यांच्या आग्रहाला बळी पडू नये.

गोठवलेलं भक्ष्य तयार करणं

जिवंत उंदीर देऊ नये. डोळे उघडलेल्या उंदराचे पुढचे दात सापाची पाठ कण्यापर्यंत कुरतडू शकतात, आणि न खाणाऱ्या सापाबरोबर तो रात्रभर राहिला तर हे घडायची भीती असतेच. उंदराच्या बाजूने विचार केला तरी ते क्रूर आहे. आधी दयेने मारून गोठवलेलं भक्ष्य हाच चांगला मार्ग. नीट गोठवल्याने काही परजीवीही मरतात.

वितळवायचं दोन टप्प्यांत. आदल्या रात्री बंद पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. पिंकी असेल तर एक-दोन तासही पुरतात. देण्याआधी तीच पिशवी 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात 10 ते 15 मिनिटं. हाताला सुखद गरम वाटेल ते पाणी. चटका देणारं नको, कारण वरची कातडी शिजून सैल होते आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर कधीच नको. तो एका जागी शिजवतो आणि दुसरी जागा बर्फच ठेवतो. मधोमध दाबून पाहावं; आत कडक गोळी लागली तर अजून वेळ आहे. गाभा गोठलेला घास पोटात गेला की जठर तिथेच थंड पडतं, आणि ती शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली असते. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. त्यामुळे बॉल पायथनला भक्ष्याचं डोकं धडापेक्षा किंचित गरम असलेलं आवडतं. शेवटची दोन मिनिटं डोकं खाली करून पाण्यात धरलं की काम होतं. कॉर्न स्नेकला असे खळगे नाहीत. तो वासावर जातो.

देताना 25-30 सेंटिमीटर लांबीचा, टोकाला रबर असलेला चिमटा वापरावा. भक्ष्य कमरेपाशी धरून डोकं सापाकडे करायचं, दूरून हळू आणायचं, किंचित हलवायचं. सापाने झडप घालून विळखा घातला की हात मागे, आणि शांत बसायचं. वाकून बघणं, दिवा लावणं, फोटो काढणं या सगळ्याने पिल्लू घास टाकून देतं. गिळायला पाच मिनिटंही लागतात, वीसही. शेवटी जबडे जागेवर आणताना ते मोठ्या जांभया देतं.

भरवायला सापाला वेगळ्या डब्यात न्यावं, म्हणजे तो पिंजऱ्यात हात घातल्यावर चावत नाही, हा सल्ला जुना आहे आणि त्याला फारसा आधार नाही. भरल्या पोटी उचलून परत ठेवण्यात तोटाच जास्त. पिंजऱ्यात अंथरलेला भुसा तोंडात जाईल अशी भीती असेल तर कागद किंवा सपाट दगड पसरावा. दोन पिल्लं एका पिंजऱ्यात मात्र ठेवू नयेत; एकाच भक्ष्याची दोन टोकं दोघांनी पकडली की एक दुसऱ्यालाच गिळू लागतं, आणि किंगस्नेकला त्यासाठी भक्ष्याचंही निमित्त लागत नाही.

जेवणानंतर 48 तास हात लावायचा नाही. ताज्या पाण्याचं भांडं असावं आणि उबदार कोपरा चालू असावा: कॉर्न स्नेकला 28 ते 31 अंश, बॉल पायथनला 31 ते 33. थंड कोपरा त्यापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी. आकडा काचेला चिकटवायच्या गोल, काट्याच्या तापमापकावरून नव्हे, तर साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवलेल्या डिजिटल तापमापकाच्या टोकावरून घ्यावा. उष्णता देणारी चटई थर्मोस्टॅटशिवाय लावली तर ती भाजते. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. भक्ष्य, चिमटा, पाण्याचं भांडं यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे. साप आणि उंदीर दोघांकडूनही साल्मोनेला हा आजार पसरवणारा जीवाणू येऊ शकतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो जड जातो.

ओकलं तर

इथे बरीच पिल्लं गमावली जातात, तीही प्रेमापोटी. घास बाहेर आला, म्हणजे पिल्लू उपाशी, म्हणजे लगेच दुसरा द्या, असा विचार होतो. पण ओकताना जठरातलं आम्ल अन्ननलिका भाजत वर येतं, पाचकरस, पाणी आणि क्षार वाया जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलेला घास तयारी नसलेल्या जठरात जातो आणि तोही बाहेर येतो. तिसऱ्या खेपेला पिल्लाच्या अंगात काही उरत नाही.

जागा साफ करावी, पाणी बदलावं, तापमान मोजावं आणि 10 ते 14 दिवस काही देऊ नये. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या वजनाचा घास. तो राहिला तर सात-दहा दिवसांनी पुन्हा तेवढाच, आणि तीन जेवणं टिकली की हळूहळू मूळ मापावर. कारण शोधायला बाहेर आलेला घास मदत करतो. दिवसाभरात, जवळजवळ जसाच्या तसा आला तर हाताळणं किंवा घासाचा आकार. चार-पाच दिवसांनी, अर्धवट आणि उग्र वासाचा आला तर बहुधा थंडी. तापमान बरोबर, घास लहान, कुणी हात लावलेला नाही आणि तरीही दुसऱ्यांदा ओकलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे ताज्या विष्ठेच्या नमुन्यासह जावं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जठराची भिंत जाड करतो. वारंवार ओकणं आणि रिकाम्या पोटीही धडाच्या मध्यावर दिसणारी सूज ही त्याची ओळख.

खातच नसेल तर

अंड्यातून निघाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पहिली कात पडते. तोवर पोटात बलक असतो आणि पिल्लू खात नाही. नव्या घरात आणल्यावर पाच ते सात दिवस भरवण्याचा प्रयत्नच करू नये. डोळे दुधी-निळे झाले असतील तर कात जवळ आली आहे, तेही दिवस सोडावेत. ही कारणं नसतील तर लपायच्या जागा बघा. एक उबेत, एक थंड बाजूला, आणि दोन्ही इतक्या अरुंद की अंगाला भिंती टेकतील. मोकळ्या, मोठ्या पिंजऱ्यात घाबरलेलं पिल्लू खात नाही, आणि बॉल पायथन तर विशेष.

मग युक्त्या. रात्री, दिवे घालवून, भक्ष्य लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून द्यावं आणि सकाळी बघावं. सकाळीही तिथेच असेल तर फेकून द्यावं. कॉर्न स्नेकच्या हट्टी पिल्लाला हवेसाठी भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात कागदी रुमाल घालून पिंकीसह रात्रभर ठेवलं की अनेकदा काम होतं. पिंकीच्या डोक्याला सुईने टोचून आतला द्रव बाहेर आणणं किळसवाणं आहे खरं, पण त्या वासाचा उपयोग होतो. प्रत्येक नकारानंतर मात्र पाच-सात दिवस मधे जाऊ द्यावेत. रोज भक्ष्य नाकासमोर नाचवलं की पिल्लू त्यालाच घाबरायला शिकतं. आकडा बघत राहायचा: वजन 10 टक्क्यांनी घटलं किंवा कण्याची रेघ वर उठू लागली तर पशुवैद्य. जबरदस्तीने तोंडात घास कोंबणं हे घरी शिकण्याचं काम नाही.

वहीतले रकाने

तारीख, सापाचं वजन, भक्ष्याचं वजन, खाल्लं की नाही, विष्ठा, कात. एवढं लिहिलं की पुढचा घास वही स्वतःच सांगते. पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी जेवण. दर दोन जेवणांनंतर, पुढच्या जेवणाच्या आदल्या दिवशी वजन. भक्ष्य 10 टक्क्यांच्या खाली गेलं की पुढचं माप.

वाढ लवकर व्हावी म्हणून दर तीन दिवसांनी खाऊ घालणारेही आहेत. साप लांब होतो, पण यकृतात चरबी साठते आणि आयुष्य घटतं. लठ्ठपणा शेपटीच्या मुळाशी आधी दिसतो: धड एकदम संपून शेपूट पायरीसारखी बारीक सुरू होते, आणि अंग वळवल्यावर खवल्यांमध्ये कातडी दिसते. तब्येतीच्या कॉर्न स्नेकचं धड आडवं कापल्यासारखं कल्पून पाहिलं तर ते खाली सपाट आणि वर गोलसर, पावाच्या कापासारखं असतं. त्रिकोणी दिसलं तर साप बारीक आहे, पूर्ण गोल दिसलं तर जास्त खातोय.

साधारण वर्षाच्या आसपास वहीतले आकडे सावकाश चढू लागतात. तेव्हा घासाचं वजन टक्क्यांत आपोआप कमी होत जातं, तसं होऊ द्यायचं, आणि जेवणांमधलं अंतर आधी दहा दिवस, मग दोन आठवडे करायचं. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा, स्वतःच्या वजनाच्या साधारण 5 टक्के एवढा एक उंदीर पुरतो.